आईला इंटरनेटच्या जवळ न्यावे की त्यापासून जपावे?

उंबरठा यांचा प्रश्न

गेल्या वर्षी माझे वडील गेले. कुटुंबाच्या ग्रुपवर ती बातमी कळवल्यानंतर तासाभरात शंभराहून अधिक शोकसंदेश आले. त्यांतले बरेचसे शब्दशः सारखे होते, कारण पहिल्या एकदोघांनी लिहिलेले वाक्य पुढच्यांनी तसेच उचलले होते. मी त्यांना दोष देत नाही. अशा वेळी काय लिहावे हे मलाही सुचत नाही. मात्र त्या गर्दीत एका मावसभावाने पाठवलेला चार मिनिटांचा आवाजी संदेश होता. तो परदेशात राहतो आणि बारा वर्षांत आमची प्रत्यक्ष भेट झालेली नाही. वडिलांनी त्याला सायकल शिकवली त्या दिवसाची आठवण त्याने सांगितली होती आणि सांगता सांगता त्याचा आवाज अडखळला होता. आईने तो संदेश किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही.

आई आता एकटी राहते, तिचे वय ७१ आहे. वडील गेल्यानंतर इंटरनेटने तिला मोठा आधार दिला, हे मी मनापासून मान्य करते. रोज संध्याकाळी ती नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. शाळेतल्या मैत्रिणी पन्नास वर्षांनी सापडल्या आणि त्यांचा एक छोटा ग्रुप झाला. पण याच काळात आरोग्याविषयीच्या एका फॉरवर्डवरून तिचे आणि मामाचे ग्रुपवर सर्वांसमक्ष भांडण झाले आणि दोन महिने ती दोघे एकमेकांशी बोललेली नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मामेबहिणीच्या खात्यावरून आईला संदेश आला, की मी फार अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठव आणि कोणाला सांगू नकोस. ते खाते कोणीतरी बळकावलेले होते. आई पैसे पाठवण्याच्या बेतात असताना योगायोगाने मी तिला फोन केला, म्हणून ते टळले.

तेव्हापासून तिने फोन कपाटात ठेवून दिला आहे. नातीशी बोलणे बंद झाले, मैत्रिणींना ती उत्तर देत नाही. माझा भाऊ म्हणतो की तिला साधा, बटणांचा फोन घेऊन द्यावा आणि हा विषय संपवावा. मला ते पटत नाही, पण तिला पुन्हा त्या वाटेवर नेण्याची भीतीही वाटते. रोजच्या माणसामाणसांतल्या व्यवहारात इंटरनेटने आपल्याला नेमके काय दिले आणि आपल्याकडून काय घेतले, याचा ज्यांनी विचार केला आहे त्यांचे मत मला हवे आहे.

---

जुनी पाटी यांचे उत्तर

आपण मांडलेला प्रश्न इंटरनेट घराघरांत शिरू लागले तेव्हापासून विचारला जात आहे आणि त्याच्या उत्तराचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर पिट्सबर्ग येथील ७३ कुटुंबांमधील १६९ व्यक्तींचा, त्यांच्या इंटरनेटवापराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, अभ्यास केला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांनी इंटरनेट अधिक वापरले त्यांचे घरातल्या माणसांशी बोलणे काहीसे कमी झाले, ओळखीच्या माणसांचे वर्तुळ थोडे आक्रसले आणि एकटेपणाची भावना वाढली. हे परिणाम सौम्य होते, तरी त्यांची चर्चा फार झाली, कारण ही माणसे इंटरनेटचा उपयोग मुख्यतः इतरांशी संपर्क साधण्यासाठीच करत होती आणि तरीही एकटी पडत होती.

पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. याच संशोधकांनी त्यांतल्या बहुतेक लोकांना पुन्हा गाठले आणि २००२ मध्ये लिहिले, की ते वाईट परिणाम बहुतांशी विरून गेले आहेत. त्यांनी निवडलेल्या दुसऱ्या, नव्या गटात तर परिणाम एकंदरीने चांगलेच दिसले. ते सर्वांच्या वाट्याला सारखे आले नव्हते, ही त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट होय. ज्यांचा स्वभाव मोकळा होता, ज्यांच्या पाठीशी आधीपासून माणसे होती, त्यांना इंटरनेटने आणखी माणसे दिली; जे मुळात संकोची आणि एकाकी होते त्यांचा एकटेपणा उलट वाढला. आपल्या आईला नात आहे, मैत्रिणी आहेत, चार मिनिटे मन मोकळे करणारा भाचा आहे. त्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचे तर, इंटरनेटपासून ज्यांचा लाभ होतो त्या माणसांत त्या बसतात.

शोकसंदेशांविषयी आपण लिहिले आहे, त्यावर थोडे थांबावेसे वाटते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे दाखवून दिले, की नोकरीसारख्या बाबतीत उपयोगी पडणारी बातमी आपल्याला पुष्कळदा जिवलगांकडून न मिळता अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. अशा सैल धाग्यांना त्याने समाज जोडून ठेवण्याचे श्रेय दिले. इंटरनेटने हे सैल धागे राखणे अतिशय सोपे केले आहे. पूर्वी गाव बदलले, नोकरी बदलली की तुटून जाणाऱ्या ओळखी आता वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे एखाद्या दुर्मिळ आजाराचा तज्ज्ञ कोठे आहे, एखाद्या परक्या शहरात उतरायला कोण मदत करील, ही माहिती तासाभरात मिळते. मात्र सांत्वन हे सैल धाग्याचे काम नव्हे. शंभर माणसांनी एकच वाक्य पाठवले तर त्यातून बातमी पोचल्याची पोच मिळते, आणि तिचेही मोल आहे. पण आपल्या मावसभावाने स्वतःचा वेळ आणि स्वतःची एक आठवण एकाच माणसासाठी खर्च केली, म्हणून आईला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटला. मला वाटते, इंटरनेटवरच्या कोणत्याही व्यवहाराला हीच कसोटी लावावी: यात कोणी माझ्यासाठी वेळ काढला आहे का, आणि मी कोणासाठी काढला आहे का?

इंटरनेट जवळच्या माणसांना दूर नेते हेही सरसकट खरे नाही. टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस बऱ्याच घरांना वेगवान जोडणी मिळाली आणि काहींना मिळाली नाही. कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी दोन्ही प्रकारच्या घरांची तुलना केली, तेव्हा जोडणी असलेले रहिवासी इतरांच्या सुमारे तिप्पट शेजाऱ्यांना ओळखत असल्याचे दिसले. सामायिक ईमेलयादीवर सुरू झालेले बोलणे अंगणापर्यंत पोचले होते.

आपल्या भावाच्या सूचनेविषयी एवढेच म्हणतो, की २०२४ मध्ये जगातील सुमारे ५.५ अब्ज लोक, म्हणजे ६८ टक्के लोकसंख्या, इंटरनेट वापरत होती असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा अंदाज आहे. भेटीगाठी, आमंत्रणे, कामकाज, दवाखान्याची वेळ हे सगळे जिथे सरकले आहे, तिथून एका माणसाला बाहेर काढणे म्हणजे त्याला जपणे होईलच असे नाही.

---

नीरव यांचे उत्तर

मला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे मी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. लोक इंटरनेटच्या आधीचा काळ आठवतात तेव्हा त्यांना एकमेकांचे आवाज आठवतात. मला बंद दार आठवते. टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये घेणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते आणि तरीही त्यांच्या यंत्राने जगाचा संवाद ज्या तारेवर नेला, तिथे आम्हाला जागा नव्हती. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून अक्षरे पाठवण्याची सोय शोधली, पण ती यंत्रे अवजड होती आणि दोन्ही घरांत असावी लागत. मी तरुण असताना मित्राला भेटायचे तर त्याच्या घरी जायचे आणि तो नसला तर परत यायचे, हा माझा नित्याचा अनुभव होता.

लिखित संदेश आले आणि प्रथमच मी एखाद्याशी बोलताना समोरच्याला माझे बहिरेपण कळण्याची गरज उरली नाही. व्हिडिओ कॉल आले आणि मला माझ्या भाषेत, हातांच्या खुणांच्या भाषेत, दूरच्या माणसाशी बोलता आले. माझ्या पत्नीशी माझी ओळख अशीच झाली. ती वेगळ्या शहरात होती आणि तिलाही ऐकू येत नाही. तेव्हा इंटरनेटने माणसे तोडली असे कोणी म्हणाले, की मला नम्रपणे विचारावेसे वाटते, की कोणाची माणसे?

आपल्या आईंचे वय पाहता त्यांनाही पुढे कमी ऐकू येऊ शकते, घराबाहेर पडणे कमी होऊ शकते. त्या दिवसासाठी ही वाट उघडी असणे फार गरजेचे आहे. एकदा हातातून सुटलेली सवय त्या वयात पुन्हा लागणे कठीण असते, म्हणून कपाटातला फोन शक्य तितक्या लवकर बाहेर काढावा.

---

पहारा यांचे उत्तर

माझे काम माहितीच्या सुरक्षेशी संबंधित आहे आणि आपण सांगितलेला प्रकार आम्ही सतत पाहतो. सर्वप्रथम आईंना हे सांगावे, की त्यांची चूक भोळेपणाची नव्हती. संदेश ओळखीच्या खात्यावरून आला होता, त्यावर भाचीचा फोटो होता, वर जुने बोलणे दिसत होते. अशा फसवणुकीत यंत्रापेक्षा नाते फोडले जाते. चोर आधी एकाचे खाते ताब्यात घेतो; पुष्कळदा त्यासाठी तो एखाद्या परिचिताच्याच नावाने लिहितो, की माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आला आहे, तो मला कळव. तो खरे तर आपलेच खाते दुसऱ्या फोनवर उघडण्याचा कोड असतो; तो दिला की खाते गेले. मग त्या खात्यातल्या प्रत्येक माणसाकडे चोर खाते गमावलेल्या माणसाचा चेहरा घेऊन जातो. मायेपोटी चटकन मदतीला धावणारी माणसेच त्यात आधी सापडतात.

या संदेशांत जवळजवळ नेहमी दोन गोष्टी असतात: घाई आणि गुप्तता. ताबडतोब कर, आणि कोणाला सांगू नकोस. आईंना तांत्रिक गोष्टी शिकवण्याआधी या दोन खुणा शिकवाव्यात. पैसे मागणारा संदेश कोणाचाही असो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून त्या माणसाशी बोलल्याशिवाय काहीही पाठवायचे नाही, हा घरातल्या सर्वांसाठी नियम करावा, फक्त आईंसाठी नव्हे. अन्यथा त्यांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटेल. आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून केवळ आवाज ओळखीचा आहे यावरही विसंबू नये. घरच्यांनी मिळून एखादा खुणेचा शब्द ठरवावा, जो कोठेही लिहून ठेवलेला नसेल.

खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी, म्हणजे कोड दुसऱ्याच्या हाती पडला तरी वेगळा पिन लागतो. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते आपण आईंच्या शेजारी बसून, त्यांच्या हातून करून घ्यावे. त्यांच्या हातातून फोन घेऊन भरभर सगळे करून देणारी मुले मी फार पाहिली आहेत. त्याने खाते सुरक्षित होते, पण आपल्याला हे जमणार नाही ही आई-वडिलांची समजूत पक्की होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ज्यांचे पैसे खरोखर जातात त्यांच्यापैकी अनेक जण लाजेने कोणालाच सांगत नाहीत. पहिल्या काही तासांत बँकेला कळवले तर रक्कम अडवण्याची शक्यता बरीच असते आणि नेमके तेच तास लाजेत निघून जातात. पुढे कधी काही घडले तर आई आपल्याला लगेच फोन करतील, असे वातावरण घरात हवे. त्यासाठी आपल्या भावाने या प्रसंगावरून त्यांना एका शब्दानेही टोचू नये.

नातीचे फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर जात असतील तर शाळेचे नाव, गणवेश आणि जन्मतारीख त्यांत दिसू नये, एवढे पाहावे.

---

चौकट यांचे उत्तर

वरच्या तिघांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, तरी धोक्याची बाजू केवळ चोरांपुरती उरू नये असे वाटते. आपल्या आईंच्या आयुष्यातले मोठे नुकसान मामाशी तुटलेले बोलणे हे आहे, आणि ते कोणा चोराने केलेले नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये हे वर्तन वर्णिले आहे, की समोर चेहरा नसला, उत्तर लगेच ऐकावे लागणार नसले, की माणूस प्रत्यक्षात कधी बोलला नसता असे बोलून जातो. भावाबहिणीचा वाद घरात झाला असता तर कोणीतरी विषय बदलला असता, आवाज चढला की दोघांनाही तो ऐकू आला असता, आणि उठून जाताना एकाने दुसऱ्याकडे पाहिले असते. ग्रुपवर यांतले काहीच नसते. शिवाय चाळीस माणसे वाचत असतात, म्हणून माघार घेणे अवघड होते, आणि लिहिलेले वाक्य तिथेच राहते. ते रात्री पुन्हा वाचता येते आणि पुन्हा वाचले की पुन्हा लागते.

ज्या फॉरवर्डवरून हे झाले त्याविषयीही बोलायला हवे. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली आणि त्याचे कारण यंत्रे नसून माणसेच असल्याचे दिसले. नवल वाटले की आपण पुढे पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ च्या जानेवारीत एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जगभर लागू केली, आणि २०२० च्या एप्रिलपासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश पुढे पाठवले जाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे त्या कंपनीनेच सांगितले. म्हणजे बोटाला जराशी अडचण केली तरी माणूस थांबतो. आईंनी आरोग्याचा संदेश पुढे पाठवला तो काळजीपोटी, आणि मामांनी तो खोडून काढला तोही बहुधा काळजीपोटीच. दोघांपैकी एकाने खाजगीत फोन केला असता तर कदाचित एवढे झाले नसते.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, कुटुंबीय आणि मित्रांबरोबरचा प्रत्यक्ष वेळ वाढला आणि मनःस्थिती थोडी सुधारली. त्याच वेळी चालू घडामोडींची त्यांची माहितीही घटली. प्रयोग संपल्यावर बऱ्याच जणांनी वापर स्वतःहून कमी ठेवला, पण पुष्कळांनी तो सोडला मात्र नाही. मला यातून असे दिसते, की आईंना इंटरनेट हवे की नको हा प्रश्न फार मोठा करून मांडला गेला आहे. नातीचा कॉल आणि मैत्रिणींचा छोटा ग्रुप ठेवावा, मोठा कौटुंबिक ग्रुप सहा महिने आवाज बंद करून बाजूला ठेवावा. एकाच फोनमध्ये या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

---

उंबरठा यांचे उत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल मी आईकडे गेले आणि ‘पहारा’ यांनी सांगितल्याप्रमाणे तिच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने पिन लावून घेतला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. खुणेचा शब्दही ठरला; तो तिनेच सुचवला आणि वडिलांना ती कोणत्या नावाने हाक मारत असे हे मला प्रथमच कळले. मोठ्या ग्रुपचा आवाज आम्ही बंद केला. ‘नीरव’ यांचे उत्तर मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि नंतर तिने स्वतःहून नातीला कॉल लावायला सांगितले.

मामाविषयी ती अजून अडून आहे. मी त्याला फोन करून ये म्हटले आहे. लिहून काहीच कळवलेले नाही.

एक गोष्ट तिने विचारली ती मला सांगता आली नाही. हा फोन बिघडला किंवा हरवला तर भाच्याचा तो चार मिनिटांचा संदेशही जाईल का, आणि तो दुसरीकडे कसा ठेवायचा?

---

पहारा यांचे उत्तर

वेगळी प्रत ठेवली नसेल तर जाऊ शकतो, म्हणून आजच करावे. त्या संदेशावर बोट दाबून धरले की तो शेअर करण्याचा पर्याय येतो. त्यातून तो ईमेलने स्वतःला पाठवावा, म्हणजे तो स्वतंत्र फाइल म्हणून मिळेल. ती फाइल उघडून पूर्ण ऐकू येते ना, हे पाहावे. मग एक प्रत आपल्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि पेनड्राइव्ह आईंच्या घरी न ठेवता आपल्याकडे किंवा आपल्या भावाकडे असू द्यावा.